कॉमिक प्रेसिंगला कोणाकडे द्यावं: ग्रेडिंग कंपनी की स्वतंत्र प्रेसर?

तुमच्याकडे कॉमिक्सचे १९७०च्या दशकातले दोन महागडे अंक आहेत आणि गेल्या काही वर्षांतले दहा-बारा. ग्रेडिंगआधी, म्हणजे कंपनीकडून अंकाच्या स्थितीला दहापैकी आकडा मिळवण्याआधी, ते प्रेस करून, म्हणजे उष्णता, ओलावा आणि दाबाने सपाट करून घ्यायचे आहेत. सगळा गठ्ठा प्रेसिंग करणाऱ्या सीसीएस कंपनीकडे पाठवून मोकळं व्हावं की स्वतंत्र प्रेसर शोधावा, असं तुम्ही विचारलंय. मी गठ्ठा फोडेन. नवे अंक सीसीएसला, जुने दोन स्वतंत्र प्रेसरला, आणि तेही त्याच्याशी आधी नीट बोलून.

पण त्याआधी प्रत्येक अंक पिशवीतून काढा आणि टॉर्चचा उजेड बाजूने, तिरपा पाडून मुखपृष्ठ बघा. बोटांनी पडलेले पोचे, दमटपणामुळे आलेल्या लाटा, कण्याला आलेला पीळ, रंग न तुटलेल्या घड्या, हे सगळं प्रेसमध्ये बऱ्यापैकी निघतं. घडीवर रंग उडून पांढरी रेघ दिसत असेल तर तिथे प्रेसिंगचा उपयोग नाही. रेघ सपाट होईल, पांढरी ती पांढरीच. फाटलेला कोपरा, डाग, पिवळेपणा, गंज यांचंही तेच. नव्या अंकांत पैसा बहुतेक ९.८ ग्रेडलाच मिळतो, ९.६ ला किंमत धाडकन खाली येते. त्यामुळे कण्यावर रंग तुटलेल्या दोन-तीन रेघा असलेला नवा अंक प्रेसिंगला देऊच नका. निम्मे अंक इथेच गळतील, आणि खर्चही.

उरलेल्या नव्या अंकांसाठी सीसीएस सोयीची आहे. ग्रेडिंग करणाऱ्या सीजीसीच्याच घरातली कंपनी, त्यामुळे प्रेस झालेला अंक आतल्या आत ग्रेडिंगला जातो. मधला एक कुरिअरचा प्रवास वाचतो. गुळगुळीत कागदाचे आजचे अंक एकसारखे असतात, ठरलेल्या पद्धतीने केलेलं काम त्यांना पुरतं. अंक बरेच असतील तर प्रेसिंगनंतर प्री-स्क्रीनचा पर्याय बघा: ठरवलेल्या ग्रेडखालचे अंक स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडचं लेबल असलेल्या बंद प्लास्टिकच्या डबीत, न घालता परत येतात आणि ग्रेडिंगची पूर्ण फी पडत नाही. सीबीसीएस या दुसऱ्या कंपनीकडून ग्रेडिंग करून घ्यायचं असेल तर त्यांचीही स्वतःची प्रेसिंग सेवा आहे, हिशोब तोच.

जुन्या अंकांची गोष्ट निराळी. आत न्यूजप्रिंट, बाहेर वेगळ्याच जातीचा कागद. ओलावा आणि उष्णता मिळाली की दोन्ही सारखे फुगत नाहीत आणि सारखे आक्रसतही नाहीत. हात चुकला तर मुखपृष्ठ आखडतं आणि उजव्या कडेला आतली पानं बाहेर डोकावायला लागतात. संग्राहकांत याला ‘कोस्टान्झा’ म्हणतात आणि असा अंक जाणकार ग्राहक हातात धरत नाही, लेबलवर आकडा काहीही असो. शिवाय स्टेपल: दाब जास्त झाला तर त्यांचा ठसा मुखपृष्ठावर उमटतो, गंजलेले असतील तर कागद तिथेच फाटतो. म्हणून असा अंक एकेक पारखून, उष्णता आणि ओलावा त्याच्यापुरता ठरवून करणारा माणूस हवा.

तो ओळखायचा कसा? ‘तुम्ही कोणते अंक प्रेस करायला नकार देता?’ असं सरळ विचारा. चौकोनी कण्याचे, डिंकाने बांधलेले अंक, फॉइलची किंवा होलोग्रामची मुखपृष्ठं, ठिसूळ झालेला कागद, यातलं काहीच त्याच्या तोंडून आलं नाही तर फोन ठेवा. मग अंक प्रेसमध्येच दाबाखाली थंड होऊ देतो का आणि किती वेळ, ते विचारा. घाईत काढलेला अंक सपाट दिसतो, पण पुढे काही आठवड्यांत पोचे परत वर येतात, कधी कधी स्लॅबच्या आत. ‘दोन दिवसांत करून देतो’ ही जाहिरात मला म्हणूनच खटकते. आधीचे-नंतरचे फोटो मागा, दोन्ही तिरप्या उजेडातले. समोरून घेतलेल्या फोटोत प्रत्येक अंक छान दिसतो!

‘क्लीनिंग’ म्हणजे नक्की काय करणार, हेही खोदून विचारा. नुसतं प्रेसिंग आणि खोडरबराने केलेली कोरडी सफाई सीजीसी रिस्टोरेशन (दुरुस्ती) मानत नाही, दुरुस्ती न केलेल्या अंकाचं निळं लेबल मिळतं. पाण्याने किंवा सॉल्व्हंटने धुतलं, रंग भरला, डिंक लावला की निळं लेबल गेलं, आणि त्याबरोबर बरीचशी किंमतही. काही प्रेसर हे ‘पूर्ण पॅकेज’ म्हणून न विचारता करून टाकतात. काय करायचं नाही ते पार्सलमधल्या चिठ्ठीवर लिहून द्या आणि ईमेलवरही.

प्रेसरकडे असताना अंकाचा विमा कोणाचा आणि किती रकमेचा, ते अंक पाठवण्याआधी लेखी घ्या. पाठवताना प्रत्येक अंक पिशवीत, मागे बोर्ड, मग दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये. आणि पिशवीच्या झाकणाची टेप आधीच काढून टाका. अंक बाहेर ओढताना उघड्या टेपला मुखपृष्ठ चिकटलं की झालेलं नुकसान कुठलाच प्रेस भरून काढत नाही.