ठगांचा हॉलिवूडपट ‘द स्टिंग’ पहिल्यांदा बघताय?
कथानक वाचून बसू नका. आगगाडीतला पोकरचा डाव मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. गुंडांचा म्होरक्या लॉनेगन आधीच लावून ठेवलेला पत्त्यांचा जोड आणवतो: त्याला फसवायला बसलेल्या ठग गोंडॉर्फला चार तिऱ्या, स्वतःला चार नव्व्या. तरी गोंडॉर्फच्या हातातून निघतात चार गुलाम! ती चिडच लॉनेगनला पुढच्या सापळ्यात ओढते. सापळा असा: घोड्यांच्या शर्यतीचा निकाल तारेने सट्ट्याच्या अड्ड्यावर पोचण्याआधी आपल्याला कळतो, असं त्याला पटवायचं. हे ध्यानात आलं नाही तर उत्तरार्ध डोक्यावरून जातो. स्कॉट जॉप्लिनचं रॅगटाइम (जुन्या धाटणीचं पियानो संगीत) १९३६ च्या कथेसाठी जुनंच, पण सिनेमा आला तेव्हा, १९७३ मध्ये, कुणाला खटकलं नसावं, ऑस्कर मिळालं. दुसऱ्या खेपेला गोंडॉर्फचा तरुण साथीदार हूकर कुणाशी कधी खोटं बोलतो, तेवढंच टिपत जा.