'इफ'नंतर 'वुड हॅव' का येत नाही

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या मेलमधलं 'इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम' हे वाक्य साहेबांनी बदलून 'इफ यू हॅड टोल्ड मी' केलं, आणि फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनलचे (म्हणजे अट आणि तिचा परिणाम सांगणाऱ्या 'इफ'च्या वाक्यांच्या तीन प्रकारांचे) तक्ते पाठ असूनही ऐनवेळी गोंधळ होतो.

तक्ते जरा बाजूला ठेवा. ही चूक मराठीतून येते, आणि मी शिकवलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने ती केली आहे. 'तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो.' शाळेत ज्याला संकेतार्थ म्हणायचे तो हाच. यात दोन्हीकडे 'असणे' आहे, म्हणून आपण दोन्हीकडे 'वुड हॅव' लावतो. इंग्रजीत 'वुड हॅव' फक्त परिणामाकडे असतं, अटीकडे 'हॅड टोल्ड'. अमेरिकन लोकांच्या बोलण्यात अटीतही 'वुड हॅव' ऐकू येतं, पण लेखी इंग्रजीत ती चूकच धरतात.

दुसरा घोटाळा 'आला तर'चा. 'पाऊस आला तर मी येणार नाही.' पाऊस अजून यायचाय, तरी आपण 'आला' म्हणतो. म्हणजे भूतकाळाचं रूप दर वेळी भूतकाळ दाखवत नाही, हे मराठी माणसाला उपजतच कळतं. इंग्रजीही तेच करते, फक्त वेगळ्या ठिकाणी. होऊ शकणाऱ्या गोष्टीला ती साधा वर्तमानकाळ वापरते: 'इफ इट रेन्स, आय वोन्ट कम'. भूतकाळाचं रूप ती नसलेल्या किंवा अवघड वाटणाऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवते: 'इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्राइव्ह'. म्हणून 'आला तर'चं शब्दशः 'इफ इट रेन्ड' केलंत, तर पाऊस येईलसं तुम्हाला वाटत नाही, असा अर्थ निघतो.

सगळ्यात अवघड हे: 'पैसे असते तर घर घेतलं असतं.' आज की दहा वर्षांपूर्वी? मराठीत ते संदर्भावरून कळतं, इंग्रजीत सांगावंच लागतं. आजचं असेल तर 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ हाउस'. तेव्हाचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट अ हाउस'. दोनदा 'हॅड' बघून बिचकू नका, ते बरोबर आहे. अट तेव्हाची आणि परिणाम आजचा, असंही होतं: 'इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी इन पुणे नाउ'. हे त्या तीन तक्त्यांपैकी कुठल्याच एकात बसत नाही, म्हणून मी विद्यार्थ्यांना दोनच प्रश्न विचारायला लावतो: हे खरंच घडू शकतं का, आणि कधीची गोष्ट आहे? दुसरा प्रश्न अटीला वेगळा, परिणामाला वेगळा.

'इफ'नंतर 'विल' कधीच नाही, हा नियम मात्र अर्धवट आहे. 'इफ'चा अर्थ 'की नाही' असेल तर चालतं: 'आय डोन्ट नो इफ ही विल कम'.

आणि तुमच्या मेलबद्दल. 'इफ यू हॅड टोल्ड मी' व्याकरणात चोख आहे, पण वाचणाऱ्याला तो ठपका वाटू शकतो. मी असतो तर लिहिलं असतं, 'आय वुड हॅव कम इफ आय हॅड नोन'.