लेविनची प्रकरणं सोडली तर चालेल का?

प्रश्न: ताई, मी एमए इंग्लिशला आहे. या सेमिस्टरला टॉल्स्टॉयची ‘अ‍ॅना कॅरेनिना’ लागलीय, हातात दोनच महिने आणि मी पहिल्या भागातच अडकलेय. एकेकाला तीन-तीन नावं, कोण कुणाचं काही कळत नाही. ग्रुपवर सगळे म्हणतात लेविन या जमीनदाराच्या शेतीचं सोड, अ‍ॅनाचं तेवढं वाच, बाकी समरी बघ. चालेल का? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: नको गं, लेविनला अजिबात सोडू नकोस. आधी नावांचं बघू, कारण तिथेच बरेच जण पुस्तक मिटतात. रशियन माणसाचं मधलं नाव वडिलांवरून, आपल्यासारखंच, त्यामुळे अ‍ॅना अर्काद्येव्ना आणि स्तेपान अर्काद्येविच हे बहीण-भाऊ हे तुला पटकन कळेल, आणि घरी त्याच स्तेपानला स्तिवा म्हणतात. फक्त अ‍ॅनाचा नवरा आणि तिचा प्रियकर व्रॉन्स्की दोघंही अलेक्सेई, तिथे जरा सांभाळून. प्रकरणं २३९ आहेत पण छोटी छोटी, रोज चार वाचलीस तरी दोन महिन्यांत होतंय.

आता लेविन. रशियात भूदास १८६१ साली मुक्त झाले, म्हणजे कालपर्यंत हुकमावर राबणारी माणसं आता मजुरीवर येतात आणि जमीनदाराला त्यांच्याशी वागायचं कसं तेच उमगत नाही, लेविनचं सगळं शेतीपुराण त्यातूनच येतं. तिसऱ्या भागातलं चौथं-पाचवं प्रकरण शांतपणे वाच. तो मजुरांच्या रांगेत गवत कापायला उभा राहतो, आधी जीव मेटाकुटीला येतो, मग लय सापडते आणि वेळेचं भानच राहत नाही. दुपारी एक म्हातारा पाव कुस्करून त्यात पाणी-मीठ घालतो, मालकालाही बोलावतो, आणि लेविन घरी जेवायला जायचं सोडून तिथेच त्याच्यासोबत खातो, काय सुंदर लिहिलंय ते! इकडे हा माणसांत मिसळतोय आणि तिकडे अ‍ॅना एकटी पडत चाललीय, हे दोन्ही सोबत वाचलं की तिचं एकटेपण जास्त लागतं.

आणि सातव्या भागाशी थांबू नकोस हं. कादंबरी १८७५ ते १८७७ मासिकात क्रमशः येत होती, पण सर्बियाच्या युद्धाबद्दलची टॉल्स्टॉयची मतं संपादक कात्कोवला पटली नाहीत, त्याने आठवा भाग छापलाच नाही, वर वाचकांना सांगितलं की नायिका गेली तिथे कादंबरी संपलीच. मग टॉल्स्टॉयने तो भाग स्वतः वेगळा काढला, आणि त्यात मुख्य लेविनच आहे. समरी बघायचीच तर एकेक भाग वाचून झाल्यावर बघ.