अंतर भागिले वेग, तरी वेळ का जुळत नाही?

प्रश्न : लंडन-न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे ५,५४० किमी. ताशी ९०० किमी वेगाने सव्वासहा तास पुरेत. तिकिटावर आठ कसे? परतताना सातच का?

उत्तर : तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण यांतच अर्धा-पाऊण तास जातो. शिवाय ९०० हा हवेच्या तुलनेतला वेग. पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह (खूप उंचावरचा वेगवान वारा) समोरून ताशी १२० किमीने आला, तर जमिनीवरून मोजलेला वेग ७८० उरतो. म्हणजे नुसते उड्डाणच सात तासांचे. परतताना तोच वारा पाठीशी!

आणि हो, तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. दोन्ही यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) बदलून मगच वजाबाकी करा. बहुतेकांचे गणित इथेच चुकते.