त्याला दोन कानाखाली देऊन बाहेर का काढत नाहीत?

प्रश्न: माझ्या कादंबरीत कोल्हापुरातला एक सावकार-गुंड आहे, सगळे त्याला अण्णा म्हणतात. हिरोच्या वडलांची दीड एकर जमीन त्यानं व्याजापोटी लिहून घेतलीय. हिरो एकटाच त्याच्या ऑफिसात जातो आणि टेबलावर हात आपटून त्याला सुनावतो. दोस्तांना वाचून दाखवलं तर सगळे हसाय लागले. काय चुकलं? सोबत पानं पाठवलीत.
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर: भावा, पानं वाचली, मीपण हसलो. डायलॉग कडक आहेत पण अण्णाची चार पोरं तिथंच उभी असताना ती ह्याला दोन कानाखाली देऊन बाहेर का काढत नाहीत, हे कुठंच कळत नाही. म्हणजे अण्णालापण कशाचं तरी भ्या पाहिजे की.

आणि ते भ्या कागदाचं असू दे. २०१४ च्या सावकारी कायद्यात लायसन नसताना व्याजाचा धंदा केला तर ५ वर्षांपर्यंत जेल आहे, आणि अशी लाटलेली जमीन परत द्यायचा आदेश सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक काढू शकतात. मग हात कशाला आपटायचा, हिरोच्या खिशात उपनिबंधकांकडं केलेल्या अर्जाची शिक्क्याची पोच असू दे. वर अण्णाच्या टोळीवर गेल्या १० वर्षांतली दोन मोठी चार्जशीट आधीच आहेत असं दाखव, म्हणजे पोरांनी अजून एक मोठा राडा केला तर मोक्का (संघटित गुन्हेगारीचा कायदा) लागू शकतो, त्यात जामीन महाकठीण आणि पोलिसांना चार्जशीटला ९० ऐवजी १८० दिवस मिळू शकतात, तोवर कळंबा जेल. हे वकिलानं अण्णाला सांगितलंय, पोरांना नाही. म्हणून पोरगं अंगावर येतंय आणि अण्णा त्याला नुसतं "बस खाली" म्हणतो.

हिरोला लगेच आत सोडू नको. दोन तास बाहेर बाकड्यावर बसव. शेजारी मंडळाची पोरं वर्गणीला आलीत, एक आजी नातवाच्या ॲडमिशनला, कुणाचा भिंतीवरनं वाद. अर्धी पेठ ह्या माणसाची मिंधी आहे हे तिथंच कळतं, तुझी वर्णनाची दोन पानं कमी होतात.

धमकी विचारपूस करत येऊ दे. "आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं न्हवं? जिना चढत्यात व्हय आता?" बास एवढंच, पिस्तूल टेबलावर ठेवायचं काम नाही (ते तिसऱ्या पानावरचं काढच).

हां, पोलीस कमिशनरचा फोन येतो तोपण काढ, कोल्हापूरला एसपी असतात.

शेवटी हिरो पोच पुढं सरकवतो. अण्णा चष्मा लावून आधी तारीख बघतो, मग शिक्का.

"कवा दिलास अर्ज?"

"सोमवारी, अण्णा."

"आज गुरुवार." मग दाराकडं बघत, "वकिलाला फोन लाव रं."