आधी बोट, मग लेझर

चि. डॉक्टरास अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी धड बोलले नाही. घरात पाहुणे होते, आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

तू सांगितलंस ते असं: तेवीस वर्षांची मुलगी, दोन्ही गालांवर मुरमांचे खड्डे. फ्रॅक्शनल सीओटूच्या, म्हणजे त्वचेवर बारीक बारीक ठिपक्यांनी मारायच्या कार्बन डायऑक्साइड लेझरच्या, तीन सिटिंग झाल्या आणि तिचे वडील विचारतात, फरक कुठे आहे? आता एनर्जी वाढवू का, की कर्ज काढून स्वतःचं चांगलं मशीन घेऊ? या दोन्ही प्रश्नांच्या आधी एक प्रश्न होता, तो तू विचारलाच नाहीस. तिच्या गालाला बोट लावलं होतंस का?

तू पाठवलेले फोटो समोरून, फ्लॅश मारून काढलेले आहेत. फ्लॅशने खड्ड्यातली सावली पुसून जाते. त्यात मला काय दिसणार, आणि तुला तरी काय दिसलं असेल? तिला खिडकीशी बसव. उजेड एका बाजूने येऊ दे. दोन बोटांनी गाल ताण. ताणल्यावर जे खड्डे सपाट होतात ते रोलिंग. गादीला टाका घालून दोरा ओढावा तशी ती त्वचा खालच्या तंतूंनी ओढून धरलेली असते. तो टाका आतून, सुईनेच सुटतो, सबसिजन करून. वरून लेझर मारत राहिलास तर टाका जागच्या जागीच. ताणूनही जे हलत नाहीत, तोंडाशी अरुंद आणि आत खोल जातात, ते आइस पिक. तिथे शंभर टक्के टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, टोकदार काडीने, फक्त त्या खड्ड्यापुरतं. आणि उभ्या काठांचे, सपाट तळाचे बॉक्सकार, त्यातले उथळ असतील तिथे तुझं लेझर खरोखर कामाचं. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात. एमडीच्या परीक्षेत हे तू व्यवस्थित लिहिलं होतंस, मला आठवतं. मग ओपीडीत कुठे गेलं?

आधी बोट, मग लेझर. तुम्ही रेसिडेंट होतात तेव्हा तुम्हाला कंटाळा येईपर्यंत मी हे म्हणत असे. पुन्हा म्हणते.

ज्या किरणाचं तुला एवढं अप्रूप आहे, तो कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये कुमार पटेल यांनी घडवला. ते जन्माने बारामतीचे, इंजिनिअरिंग शिकले पुण्यात. मला त्याचा फार अभिमान आहे. पण १०,६०० नॅनोमीटरच्या त्या किरणाला पेशीतलं पाणी तेवढं समजतं. पाणी दिसलं की तो तापवतो आणि उडवतो. खाली तंतू आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ते बोटाने कळून घ्यायचं असतं.

फ्रॅक्शनलची कल्पना २००४ मध्ये मॅनस्टीन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्याआधी लेझरने चेहऱ्याचा वरचा थर सरसकट काढत असत, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर त्याची धास्तीच वाटायची. त्यांनी केसासारख्या बारीक जखमांचे खांब केले आणि मधली त्वचा शाबूत ठेवली. भरून येण्याचं काम ती शाबूत त्वचा करते. त्यामुळे फरक दिसत नाही म्हणून डेन्सिटी वाढवणं, म्हणजे हे खांब आणखी दाट करणं, किंवा त्याच जागेवरून लेझरचा आणखी एक पास मारणं, म्हणजे जिच्या भरवशावर चेहरा बरा व्हायचा तीच त्वचा जाळून टाकणं. सावळ्या चेहऱ्यावर काळे डाग उठतात ते बहुतेक इथूनच.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझं पहिलं मशीन कर्जाचं होतं. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जायचा, आणि त्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक खड्ड्यावर मला लेझरच सुचायचं. सोलापूरचा मे महिना. एक मुलगा आईला घेऊन आला, सहा आठवड्यांवर लग्न. "हळदीपर्यंत होईल ना, मॅडम?" मी हो म्हटलं. बोट लावलं नाही, ताणून पाहिलं नाही. त्याचं काम उन्हातलं होतं, तेही विचारलं नाही. पूर्ण चेहरा केला, आणि लवकर फरक दिसावा म्हणून गालांवर जादा पास मारला. तीन आठवड्यांत दोन्ही गालांवर हँडपीसच्या, म्हणजे लेझरच्या हातात धरायच्या टोकाच्या, चौकोनी शिक्क्यांसारखे काळे ठसे उमटले. तो तशाच चेहऱ्याने बोहल्यावर उभा राहिला. डाग जायला आठ महिने लागले. खड्डे होते तिथेच राहिले, कारण ते जवळजवळ सगळे रोलिंग होते. तो काही बोलला नाही. त्याची आई एवढंच म्हणाली, "आधीचंच बरं होतं हो, डॉक्टर."

त्यानंतर मी पहिल्या भेटीत कोणालाही लेझर दिलेलं नाही. एकालाही नाही. पेशंट शेजारच्या रस्त्यावरच्या क्लिनिकमध्ये गेले, हप्ते लांबले, यांनी घरात दोन वर्षं ओढाताण सोसली. माझ्याच बरोबरीचे डॉक्टर म्हणाले, ती भित्री झाली. भित्री असते तर मशीन विकून मोकळी झाले असते. आजही आठवड्यातून दोन दिवस मी तेच काम करते, आणि माझ्या हातून बरे झालेले चेहरे मला गावात भेटतात. मी उशिरा कमावलं, पण त्या बाईसमोर पुन्हा उभं राहायची वेळ माझ्यावर आली नाही. हे तुला का ऐकवते आहे? कदाचित तुझ्यापेक्षा मलाच ते अजून सांगावंसं वाटतं. असू दे, तूही ऐक.

आता त्या मुलीचं. तिसरी सिटिंग होऊन तीन आठवडे झालेत आणि तू निकाल लावून बसलास. खड्डा आतून भरून आणणारं कोलॅजन पुढे कित्येक महिने घडत असतं. वडिलांना स्पष्ट सांग: खड्डे पूर्ण बुजणार नाहीत, उथळ होतील, आणि ते शेवटच्या सिटिंगनंतर तीन ते सहा महिन्यांनी पाहायचं. हे ऐकून ते दुसरीकडे गेले तर जाऊ दे. तिला नवे मुरूम येतात का, ते आधी पाहा. येत असतील तर ते थांबवल्याशिवाय खड्डे बुजवण्यात काही अर्थ नाही, रोज नवे पडतील. ती घरी कोणतं क्रीम लावते ते विचार, आणि ट्यूब घेऊन यायला सांग. स्टेरॉइडची क्रीम २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, आहेत, तरी गोरेपणासाठी म्हणून ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळतात, आणि मुली ती लावतात हे सांगायला लाजतात.

माझा अंदाज आहे की तिचे बरेचसे खड्डे तंतूंनी बांधलेले आहेत. पण तो फोटोवरून केलेला अंदाज आहे, त्यावर विसंबू नकोस. बोट तुझं आहे. सबसिजनला हात बसला नसेल तर शनिवारी माझ्याकडे ये, दोन पेशंट आहेत, शेजारी उभा राहा.

मशीनच्या कोटेशनवर इतक्यात सही करू नकोस. मुलीला बोलव, आणि गाल ताणण्याआधीचा एक, ताणल्यानंतरचा एक, असे दोन फोटो मला पाठव. खिडकीशी. फ्लॅश बंद करून.

तुझी,
मॅडम