बडोद्याच्या मेनूतली भाकरी

प्रश्न असा आहे: बडोद्यातल्या एका हॉटेलच्या पाटीवर 'अस्सल महाराष्ट्रीय जेवण' लिहिलंय. मेनूत 'झुणका-भाकरी' आहे, पण ताटात आली गव्हाची जाड, कुरकुरीत चकती आणि वाटीत पातळ बेसन. याला झुणका-भाकरी म्हणता येईल का?

नाही. ताटात आली ती भाखरी. गुजरातीत तिचं नाव अगदी बरोबर आहे आणि पदार्थ म्हणूनही ती उत्तमच. घोळ फक्त 'क' आणि 'ख'चा. आपण जिला भाकरी म्हणतो तिला गुजरातीत रोटलो म्हणतात. जुवारनो रोटलो, बाजरीनो रोटलो.

फरक ओळखायचा तो क्रियापदावरून. भाकरी थापतात, भाखरी लाटतात. भाखरीचं पीठ जाडसर गव्हाचं. दोन वाट्यांना तीन-चार चमचे तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं, जाड लाटायचं आणि मंद आचेवर कापडाच्या बोळ्याने दाबत खरपूस भाजायचं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ते कढत पाण्यात, लागेल तेवढंच घेऊन, तळहाताने रगडून मळतात. मोहन अजिबात नाही. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवून तिला पाण्याचा हात फिरवतात आणि ते पाणी वाळायच्या आत उलटतात. उशीर झाला की चिरा पडतात, मग ती फुगत नाही. पीठ जुनं, विरी (म्हणजे धरून राहण्याचा गुण) गेलेलं असेल तर थापतानाच कडा फाटतात. हॉटेलांना भाखरी सोपी वाटते ती यामुळेच: ती आधी करून ठेवता येते. भाकरी मात्र तव्यावरून थेट ताटात हवी, गार झाली की वातड होते.

वाटीतलं बेसन म्हणजे पिठलं. वाटीभर पिठाला तीन-चार वाट्या पाणी घातलं की पिठलं. तेवढ्याच पिठाला दोन मोठे कांदे, सढळ तेल आणि जेमतेम अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवून वाफ काढली की झुणका. तो मोकळा हवा. पिठल्यावर 'झुणका' लिहिणं मला भाखरीच्या घोळापेक्षा जास्त खटकतं, कारण तिथे दुसऱ्या भाषेची सबबही नाही.

'भाकर' की 'भाकरी'? दोन्ही बरोबर. १९९५ मध्ये महाराष्ट्रात एक रुपयात जेवण देणारी सरकारी योजना आली, तिचं नावही 'झुणका-भाकर'च होतं.

बडोद्यात मागवताना 'भाकरी आहे का' असं विचारू नका, उत्तर 'हो'च येईल. 'जुवारनो रोटलो छे?' असं विचारा.